छापखाना बंद होता ते आठ महिने

मला क्षय झालेला नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या बायकोने, सुमतीने, पदराने डोळे पुसले. मी मात्र टेबलावर पडलेल्या माझ्याच छातीच्या फोटोकडे बघत बसलो. फासळ्या चांगल्या स्पष्ट आल्या होत्या. छपाई बरी आहे, एवढंच माझ्या मनात आलं.

खरं सांगायचं तर क्षय निघाला असता तर बरं झालं असतं, असं मला आधी वाटत होतं. क्षयाला नाव आहे. क्षय झालेल्या माणसाला लोक दुरूनच का होईना, पण काय झालं ते विचारतात आणि त्याला उत्तर देता येतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताप नाही, खोकला नाही, कुठे दुखत नाही. नुसतं वजन उतरलेलं, झोप उडालेली, आणि सहा वर्षं एकट्याने चालवलेल्या छापखान्याच्या दारात उभं राहिलं की पाय आत जाईना.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. हे लिहायला बसलो त्याला कारण आमच्याच बाजारपेठेतला एक बेकरीवाला. तोही एकटाच भट्टी सांभाळतो. मागच्या महिन्यात तो माझ्याकडे आला आणि बाकावर बसला. मग म्हणाला, "तुम्हाला त्या वर्षी नेमकं काय झालं होतं हो?" मला धड सांगता आलं नाही. तो गेल्यावर वाटलं, बोलता येत नाही तर लिहून तरी बघू.

एकट्याचा कारभार

मी मुंबईत एका मोठ्या छापखान्यात अकरा वर्षं जुळारी होतो. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, एकेक उचलून ओळी जुळवणारा. डोक्यावर फोरमन, हातात दुसऱ्याचं काम. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी पायाने चालवायचं एक जुनं ट्रेडल यंत्र घेतलं, आणि ते होडीतून पनवेलच्या बंदरावर उतरवून गावात आणलं. एका खोलीत यंत्र, खिळ्यांच्या केसेस, म्हणजे खणाखणांच्या लाकडी पेट्या, कागद कापायची सुरी आणि मी.

मदतीला माणूस ठेवला नाही. सुरुवातीला परवडत नव्हता म्हणून, आणि पुढे परवडला तरी नको वाटला म्हणून. शाळांच्या परीक्षेचे पेपर माझ्याकडे येत. "रघुनाथरावांच्या छापखान्यात दुसरा हात नाही, पेपर फुटायचा नाही," असं मुख्याध्यापक लोकांना सांगत आणि मला ते फार आवडे. कागद मीच कापायचो, जुळणी मीच करायचो, प्रुफं मीच तपासायचो, पायाने यंत्रही मीच हाणायचो. छापून झालं की खिळे धुऊन परत आपापल्या खणात टाकायचे, तेही मीच. सहा वर्षांत छापखाना एक दिवसही बंद ठेवला नाही. दिवाळीतसुद्धा यंत्राची पूजा करून दुपारी तेच यंत्र सुरू केलं. याचा मला अभिमान होता. हे मुद्दाम लिहितो, कारण आजार बाहेरून आला असं मला म्हणता येणार नाही. दार मीच उघडं ठेवलं होतं.

सुरुवात कधी झाली ते सांगता येत नाही. यंत्राच्या खटखटीवरून शाई कमी पडली की जास्त, ते मला कळायचं. ते कळेनासं झालं. मग ओळखीचं माणूस रस्त्यात भेटलं की हसायचं राहून जायला लागलं. माझी मुलगी शालू तेव्हा सात वर्षांची. एकदा पडलेला दात तळहातावर घेऊन ती धावत आली. मी म्हणालो, "ठेव तिथे." ती थोडा वेळ उभी राहिली आणि दात मुठीत धरून परत गेली. ती रुसली हे मला दिसलं. वाईट वाटलं पाहिजे हेही समजलं. वाटलं मात्र काही नाही.

मी ठरवलं, काम वाढलंय. लग्नसराई संपली की ठीक होईल.

लग्नाची पत्रिका

चैत्रात चिरनेरकडचे हसुराम पाटील मुलाच्या लग्नाची पत्रिका छापून घ्यायला आले. भातशेती करणारा, भारदस्त मिश्यांचा, सरळ माणूस. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांनी तोंडाने मजकूर सांगितला, मी लिहून घेतला. नवरामुलगा बाळाराम. त्याचे वारलेले आजोबा पांडुरंग. नेहमीचाच मजकूर. असे मी शेकड्यांनी छापले होते.

पत्रिका घेऊन गेल्याच्या पाचव्या दिवशी ते परत आले. पत्रिकांचा गठ्ठा त्यांनी यंत्रावर ठेवला. वरच्या पत्रिकेला हळदकुंकू लागलेलं होतं.

"मास्तर, वाचून दाखवा."

मी वाचलं. "चिरंजीव बाळाराम, कैलासवासी पांडुरंग यांचा नातू..."

"तसा नाय. अक्षराला अक्षर लावून वाचा."

मी पत्रिका डोळ्यांजवळ घेतली. 'कै. बाळाराम' असं छापलेलं होतं. आणि खाली, 'चि. पांडुरंग यांचा नातू'. नवऱ्यामुलाला मी मारून टाकला होता आणि मेलेल्या आजोबांना जिवंत केलं होतं. प्रुफ मी तीनदा वाचलं होतं. तिन्ही वेळा जे असायला हवं तेच मला दिसलं होतं.

"चार गावांत वाटल्यात," हसुराम म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "आमी अडाणी. आमाला काय कळतंय? करंजाला व्याह्यांच्या घरी शाळामास्तरांनी वाचली, तवा समजला. पोराची आई चूल पेटवीत नाय दोन दिस. जित्ता हाय तो, मास्तर. माजा पोर जित्ता हाय."

"पुन्हा छापून देतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावतील, गठ्ठा तोंडावर फेकतील, असं मला वाटलं होतं. पण ते हळूच म्हणाले, "तुमाला काय वाटत नाय का?"

हा प्रश्न पुढे मी स्वतःला किती वेळा विचारला असेन. त्या क्षणी त्याचं खरं उत्तर 'नाही' असं होतं. समोर एक बाप उभा होता. त्याच्या मुलाच्या नावामागे मी अशुभ लावलं होतं, आणि माझ्या आत काहीच हललं नाही. त्याची मला भीतीसुद्धा वाटली नाही.

ते गेल्यावर मी नवीन जुळणीला उभा राहिलो. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची लोखंडी पट्टी, धरली. 'चि'साठी उजवा हात केसकडे न्यायचा होता. हात उचलेना. दुखत नव्हता, लुळाही पडला नव्हता. मी त्याला सांगत होतो आणि तो ऐकत नव्हता. दुपारी सुमती डबा घेऊन आली तेव्हा मी तसाच उभा होतो. तिने हाक मारली, खांद्याला धरलं. मी वळलो तसा माझ्या कोपराचा धक्का लागून एक अख्खी केस खाली आली. जमिनीवर सगळीकडे खिळे पसरले.

"बसा," ती म्हणाली. मी त्या खिळ्यांतच बसलो.

त्या दिवशी छापखान्याला तिने कुलूप लावलं. हसुरामांनी पत्रिका दुसरीकडून छापून घेतल्या.

निदान

आमचे डॉक्टर वयस्क होते, कमी बोलणारे. त्यांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढायला मुंबईला पाठवलं. फोटो स्वच्छ निघाला तो दिवस मी वर सांगितलाच आहे.

"मग यांना झालंय काय?" सुमतीने विचारलं.

"दमलेत."

"दमलेला माणूस झोपतो, डॉक्टर," मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं ते पहिलं वाक्य असावं.

"झोपही येईना इतके दमलात. विहीर उपसत राहिलं की एक दिवस पोहऱ्यात चिखल येतो. त्यानंतरही तुम्ही उपसत होतात." त्यांनी चष्मा काढून पुसला. "याला इंग्रजीत दोन-तीन मोठी नावं आहेत. ती सांगून तुम्हाला काही फायदा नाही. इस्पितळात राहा. घरी राहिलात तर उद्या कुलूप उघडाल."

गावापासून थोडं लांब एक धर्मादाय इस्पितळ होतं. दुसऱ्या दिवशी टांग्यातून आम्ही तिथे गेलो. वाटेत सुमती माझा हात धरून बसली होती. तिचा हात गरम आहे, एवढी नोंद मी घेतली.

बारा खाटांची खोली

इस्पितळात मी सहा आठवडे होतो. पुरुषांच्या खोलीत बारा खाटा. पहाटे घंटा वाजे. मग काखेत थर्मामीटर, पांढऱ्या मगमध्ये चहा, दहा वाजता डॉक्टरांची फेरी, दुपारी कडू तांबडं मिक्श्चर. त्याने गुंगी यायची. बाकीच्या खाटांवर पाय मोडलेले, पोट कापलेले, विषमज्वरातून उठलेले लोक होते. प्रत्येकाला भेटायला येणारी माणसं शेजारच्या खाटेचीही चौकशी करत. माझ्या खाटेजवळ आली की विचारत, "यांना काय झालंय?" आणि शेजारचा म्हातारा सांगे, "काय नाय झालेला. असेच हायत."

चौथ्या-पाचव्या दिवशी मला तिथे नुसतं पडून राहणं जमेना. खाटेवर बसून मी जखमेवर बांधायच्या जाळीच्या पट्ट्यांच्या घड्या घालायला लागलो. आमच्या खोलीच्या मोठ्या नर्स रिबेकाबाई. त्या पनवेलच्याच, बेने इस्रायल समाजातल्या, म्हणजे कोकणातल्या ज्यू. त्यांचे वडील कचेरीत कारकून होते. त्यांनी माझ्या हातातून पट्ट्या काढून घेतल्या.

"हे काय चाललंय?"

"तेवढीच तुम्हाला मदत."

"इथे तुमचा काही उपयोग नाही, रघुनाथराव. कोणाला काही नाही. उपयोग नसताना दोन वेळा जेवायला मिळतं आणि चादर बदलून मिळते, हे जरा शिकून घ्या."

त्या हे हसून बोलल्या नाहीत, की लागेल असंही बोलल्या नाहीत. शांत बोलल्या. मला त्या आजारात अनेकांनी अनेक गोष्टी सांगितल्या: हसत राहा, नामस्मरण करा, मन गुंतवा. उपयोग नसला तरी चालेल, असं सांगणाऱ्या त्या एकट्या.

एका सकाळी त्या हातात थर्मामीटर धरून खिडकीशी उभ्या दिसल्या. बराच वेळ उभ्या होत्या. माझ्याजवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "आज माझी बहीण गेली. इस्रायलला. मुंबईहून बोट आहे. धाकटे दोघं आधीच गेलेत."

"तुम्ही पोचवायला गेला नाहीत?"

"रजा मागितली असती तर मिळाली असती. मागितली नाही. धक्क्यावर सगळ्यांसमोर रडले असते." त्यांनी माझ्या काखेत थर्मामीटर ठेवला. "आई म्हणते, आपणही जाऊ. इथल्या घराचं काय करायचं, कळत नाही."

रडू येईल म्हणून यांना बंदरावर जाणं टाळावं लागतं, हा विचार माझ्या डोक्यात कितीतरी वेळ राहिला. मला त्यांचा हेवा वाटला असं आज म्हणतो. त्या वेळी तो हेवा आहे हे समजलं नव्हतं.

हसुराम

पाचव्या आठवड्यात एका दुपारी हसुराम पाटील खोलीच्या दारात दिसले. त्यांच्या पुतण्याला म्हशीने पाडलं होतं, त्याला भेटायला ते आले होते. माझ्याकडे नजर गेली तसे थबकले. मग चपला दाराशी काढून आत आले आणि माझ्या खाटेच्या कडेला बसले.

"मास्तर? तुमी हितं?"

"हो."

"काय झालाय?"

शेजारच्या म्हाताऱ्याने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "मला काही वाटेनासं झालंय, पाटील. तुम्ही त्या दिवशी विचारलंत ना, ते बरोबर होतं. तोच आजार आहे."

एवढं लांब वाक्य मी महिनाभरात बोललो नव्हतो. हसुराम मिशीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "लगीन झाला. झ्याक झाला. माजी म्हातारी हाय ना, आई, ती बोलली, जित्त्या माणसाला मेला बोलला तर त्याचं आयुष्य वाढतं. पोराला शंभर वर्सं दिलीत तुमी." त्यांनी खाटेची चादर हाताने सारखी केली. "मी तवा लय तापलो होतो. घरी जाऊन बायकोला बोललो, तो छापखानेवाला माणूस दगड हाय."

"माफ करा, पाटील."

"त्या दिशी हे बोलला असतात तर मी लगेच पानी प्यालो असतो तुमच्या घरचा."

त्यांनी उठताना माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. इथे मी असं लिहावं की माझे डोळे भरून आले. वाचणाऱ्यालाही ते बरं वाटेल. पण तसं झालं नाही. गुडघ्यावरचं वजन समजलं. ते गेल्यावर मी कूस बदलली आणि झोपलो. मात्र ती झोप औषधाची नव्हती.

घर

घरी आलो तेव्हा अंगात थोडं मांस आलं होतं. बाकी तसाच होतो. ओसरीवर बसायचं, रस्ता बघायचा. लोकांना वाटे, आता बरा झालाय, मग कामाला का लागत नाही? पुण्याहून माझे थोरले भाऊ आले. आमच्या घरात ते बोलतील ती पूर्वदिशा.

"आपल्या घराण्यात असलं कधी कोणाला झालेलं नाही," दादा म्हणाले. "ऊठ, अंघोळ कर, छापखान्यात जाऊन बस. आपोआप होतं सगळं." मग ते सुमतीकडे वळले. "पेणचा एक माणूस यंत्र घ्यायला तयार आहे. गंजून जाण्यापेक्षा देऊन टाका. मी याला पुण्यात कुठेतरी चिकटवतो."

सुमती दादांसमोर कधी मान वर करून बोललेली मी पाहिली नव्हती. ती म्हणाली, "दादा, ताप असलेल्या माणसाचं घर विकायला काढतात का? यंत्र त्यांचं आहे. विकायचं की नाही ते बरे झाल्यावर तेच सांगतील."

"आणि बरा नाही झाला तर?"

"तर मी सांगेन."

दादा दुसऱ्या दिवशी गेले. मी तिला शाबासही म्हणालो नाही. चार दिवसांनी ती तांदूळ निवडत बसली असताना तिने सूप एकदम खाली ठेवलं.

"मला तुमचा राग आलाय," ती म्हणाली. "तुम्ही आजारी आहात, तुम्हाला बोलायचं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय. मी बोलणार आहे. सहा वर्षं तुम्ही मला त्या खोलीचा उंबरा ओलांडू दिला नाहीत. डबा द्यायचा आणि परत फिरायचं. मी बाहेरून बघत होते तुम्ही झिजताना. मला विचारलंत का कधी?"

"नाही," मी म्हणालो.

"एवढंच?"

"खरं आहे ते."

ती रडली नाही. सूप पुन्हा मांडीवर घेतलं. पण त्या दिवसापासून तिने माझ्याशी आजाऱ्याशी बोलतात तसं मऊ बोलणं सोडून दिलं आणि मला ते बरं पडलं.

तिची बोटं

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की दुपारी सुमती घरात नसते आणि परत येते तेव्हा तिची बोटं काळी असतात. तव्याची काजळी असेल, असं मी धरून चाललो. शालूनेच एकदा सांगितलं, "आई छापखान्यात अक्षरं निवडते."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागोमाग गेलो. छापखान्याच्या बाहेर रस्त्यावरच उभा राहिलो. आत ती जमिनीवर बसली होती. समोर माझ्या कोपराने पडलेले खिळे. एकेक उचलून ती उजेडात धरत होती आणि खणात टाकत होती. मराठीच्या केसला शेकड्यांनी खण. अर्धी अक्षरं वेगळी, काने-मात्रा-वेलांट्या वेगळ्या, आणि खिळ्यावर अक्षर उलटं असतं. मला ती केस पाठ व्हायला मुंबईत दोन वर्षं लागली होती आणि फोरमनच्या शिव्या खाव्या लागल्या होत्या. हिने चार महिन्यांत कोणाला न विचारता, दुसऱ्या केसकडे बघून बघून हे शिकून घेतलं होतं.

"उलटा 'भ' आणि उलटा 'म' ओळखायला फार त्रास झाला," वर न बघता ती म्हणाली. मी आलोय हे तिला माहीत होतं.

मी आत गेलो. पाय आत गेला, हे नंतर लक्षात आलं. तिच्यासमोर बसलो आणि एक खिळा उचलला. 'म' होता.

"हा 'म'."

"माहितीय," ती म्हणाली.

पुन्हा काम

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराईच्या तोंडावर डॉक्टरांनी परवानगी दिली. फक्त सकाळी, दुपारी बारा वाजता कुलूप. महिनाभर यंत्रावर पाय ठेवायचा नाही, बसून प्रुफं वाचायची.

आम्हा दोघांना ते सोपं गेलं नाही. माझ्या जागी ती उभी राहून जुळणी करतेय आणि मी स्टुलावर. तिचा हात हळू होता. ओळ कधी सैल पडायची. मी म्हणालो, "तू कशाला त्रास घेतेस? मी हळूहळू करीन सगळं. तुझी मदत झाली तेवढी पुरे."

स्टिक खाली न ठेवता ती म्हणाली, "मी तुमच्या मदतीला येत नाहीये. मला हे काम आवडलंय."

हे मला आवडलं नाही, हे कबूल करतो. आजारातून उठलेल्या माणसाला वाटतं, आपली जागा आपल्यासाठी रिकामी ठेवलेली असेल. माझी जागा रिकामी नव्हती. दोन-चार दिवस मी रुसूनच प्रुफं वाचली. मग एका पत्रिकेच्या प्रुफात तिची चूक मला सापडली, आणि माझ्या एका मथळ्यातली चूक तिला. त्यानंतर आम्ही नेम केला, एकाने जुळवायचं आणि दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं. अक्षराला अक्षर लावून. परीक्षेचे पेपर द्यायला आलेल्या मुख्याध्यापकांना मी सांगितलं, "आता इथे दुसरा हात आहे. चालत असेल तर द्या." ते विचार करून सांगतो म्हणाले आणि दोन दिवसांनी घेऊन आले.

माझ्यासारखं ज्याला होत असेल त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. बेकरीवाल्याला मी त्या दिवशी एवढंच म्हणायला हवं होतं: भट्टी एक दिवस बंद ठेव, आणि बंद ठेवता येते का ते बघ. येत नसेल तर डॉक्टरांकडे जा. क्षय नाही निघाला तरी जा. घरातलं माणूस बाहेर उभं असेल तर त्याला आत घे. ते मदत करेल म्हणून नाही, तुला बघणारं कोणीतरी असावं म्हणून. आणि एकदम बरं वाटेल याची वाट बघू नकोस. बरं होणं मला कधी जाणवलंच नाही. आजारात कंटाळासुद्धा येईनासा होतो आणि मग एक दिवस तो परत येतो, तसं काहीसं होतं ते. आजही मधूनच आठवडा-पंधरा दिवस सगळं सपाट होतं. तेव्हा मी प्रुफं वाचत नाही. सुमती वाचते.

त्या वर्षी कामाला लागून तीन आठवडे झाले असतील. एका नाटक मंडळाचे चिटणीस हस्तपत्रिकेचं प्रुफ घेऊन चौथ्यांदा आले. नटांच्या नावांचा क्रम चौथ्यांदा बदलायचा होता, कारण कोणीतरी रुसलं होतं. बाराला पाच मिनिटं कमी होती.

"आत्ता एवढं करून द्या हो. तुम्ही तर कधीच नाही म्हणत नाही."

"नाही," मी म्हणालो. "आज नाही. उद्या सकाळी या."

त्यांचं तोंड उघडंच राहिलं. सुमती पुढे झाली नाही, मागेही सरली नाही. मी दिवा मालवला आणि कुलूप लावलं.

घरी शालू शाळेतून आलेली होती. आम्ही तिघं जेवायला बसलो. सुमतीने घाईघाईत कोलंबीचं कालवण केलं होतं. तिने वाढलं, मी भात कालवला, घास घेतला आणि थांबलो.

"कालवण खारट झालंय," मी म्हणालो.

सुमतीचा हात पातेल्यावरच राहिला. शालूने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वर्षभर समोर येईल ते मी गिळत होतो. करपलेलं, अळणी, गार झालेलं. एकदा तर मीठ घालायचं साफ विसरलेली आमटी मी वाटीभर प्यालो होतो आणि सुमती स्वयंपाकघरात जाऊन रडली होती, हे तिने मला पुढे सांगितलं.

तिने बोट बुडवून चव घेतली. "हो. दोनदा पडलंय."

"फारच खारट आहे."

"हो ना?" ती म्हणाली. ती हसत होती. भाताचं पातेलं तिने बाजूला सरकवलं आणि माझ्यासमोर नीट मांडी घालून बसली. "सांगा. आणखी काय काय बिघडलंय या घरात?"

मी इकडेतिकडे पाहिलं. मागच्या दाराची कडी कुरकुरते, म्हणालो. शालूचा भांग वाकडा पाडलाय. ओसरीवरची चटई एका कोपऱ्यात उसवलीय. ती ऐकत होती, मान हलवत होती आणि भात निवत होता.